परस्पर दिलेली जागा

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे माननीय कार्यवाह, आत्ताच अतिशय ओघवतं भाषण करून बसलेले आपले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील इतर मान्यवर, शाळेचे आजी-माजी शिक्षक, माजी विद्यार्थी, पालक, पुढे सतरंजीवर बसून केव्हाची चुळबुळ करणारी मुलं, आणि आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माइक थोडा खाली करता का कुणी? हो, एवढा पुरे. उंच माणसांनंतर बोलायचं म्हणजे पंचाईत असते.

मला दोन मिनिटं दिलेली आहेत. पंचेचाळीस वर्षांच्या संसाराला दोन मिनिटं म्हणजे तशी भरपूरच झाली, आमच्या घरी एवढी सलग कधी मिळाली नव्हती. हसा, हसा. हेसुद्धा हसताहेत. कार्यवाहांनी मला काय बोलायचं तेही टाइप करून दिलं आहे. फार सुंदर लिहिलं आहे. ‘त्यांच्या यशामागे सावलीसारखी उभी राहिले’ असं एक वाक्य आहे त्यात. मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आहे. कार्यवाह, राग मानू नका. अक्षर बारीक आहे आणि चष्मा घरी राहिला.

सरांबद्दल इथे जे जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं खरं आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी म्हणायला नको की बाई सूड उगवायला उभ्या राहिल्या. थंडीच्या दिवसांत यांनी अंगातला कोट काढून शिपायाच्या खांद्यावर टाकला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तापाने फणफणलेल्या विद्यार्थ्याला पाठीवर घेऊन हे दवाखान्यात धावले, तेही खरं. आमच्या व्हरांड्यात कच्च्या मुलांची शिकवणी असे, तिची यांनी कधी फी घेतली नाही. मुलं चहाच्या वेळेला यायची, त्यामुळे घरातलं दूध नेहमी कमी पडायचं. पण ती तक्रार नाही. दूध वाढवता येतं.

आणि दर शनिवारचा तो तास! ‘आपल्याला नको असलेलं देणं म्हणजे टाकणं, हवं असलेलं देणं म्हणजे देणं.’ या सभागृहातल्या निम्म्या लोकांना हे वाक्य पाठ असेल. दर शनिवारी प्रत्येक मुलाने आपली एखादी आवडती वस्तू आणायची आणि गरज असलेल्या दुसऱ्या मुलाला द्यायची. कल्पना चांगली होती. आजही चांगली आहे. मुलांना द्यायला शिकवू नये असं म्हणणारी मी कोण? न शिकवलेली मुलं मोठी होऊन काय करतात ते रोज रस्त्यावर दिसतंच की.

पण प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या भाषणात दोन गोष्टी सांगितल्या. एक, सरांच्या मुलीने शर्यतीत पहिली येऊनही क्रीडाशाळेतली आपली जागा गरीब मैत्रिणीला स्वतःहून दिली. आणि दुसरी, त्याच मैत्रिणीच्या आईचा हात भाजला तेव्हा सरांच्या मुलीने तिच्याकडे जाऊन इस्त्री केली. टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी डोळेही पुसले. पाहुण्यांचा काही दोष नाही, त्यांनी जे ऐकलं तेच सांगितलं. या दोन गोष्टी मी वीस-पंचवीस समारंभांत ऐकल्या आहेत आणि प्रत्येक वेळी त्या थोड्या अधिक गोड होत जातात. आज मात्र पुढे लहान मुलं बसली आहेत. त्यांनी तरी ती गोष्ट जशी घडली तशी ऐकावी, एवढंच माझं म्हणणं.

आमची एकुलती एक मुलगी. तिला घरात सगळे मुंगी म्हणायचो. लहानपणी तिच्या मुठीत सतत काहीतरी असायचं आणि ते घेऊन ती कुठेतरी लगबगीने निघालेली असायची. मुंगी पळायला लागली ती चौथीत. कुणी शिकवलं नाही. फाटकापासून शाळेपर्यंत पळत, शाळेपासून घरापर्यंत पळत. पाणी आणायला सांगितलं तरी पळत, निम्मं सांडायचं. मी ओरडायचे, ‘अगं, कुणी मागे लागलंय का?’ तर म्हणायची, ‘आई, कुणी मागे नाही म्हणूनच मजा येते.’

तिच्याच वर्गात आणखी एक मुलगी होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कपड्यांना इस्त्री करून द्यायच्या. कोळशाची जड इस्त्री, वर ताडपत्री, समोर एक फळकूट. त्यांची ही मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणत, म्हणजे पळण्यात ती कशी होती ते वेगळं सांगायला नको. दोघी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पळायच्या. आज ही पुढे, उद्या ती. हरलेली जिंकलेलीला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर यायची, असा त्यांचा आपसातला नियम होता.

दोघी नववीत असताना निवासी क्रीडाशाळेचे प्रशिक्षक आले. तिथे राहणं, जेवण, शिक्षण, सराव, सगळं फुकट. आपल्या शाळेतून एकच मुलगी घेणार होते. शर्यत लावली. मुंगी पहिली आली, भिंगरी दुसरी. फरक हातभराचा, पण फरक होता. प्रशिक्षकांनी मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘हिला पाठवा.’ त्या दिवशीही भिंगरीने तिला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर आणलं. मी कुंपणापाशी उभी होते. दोघी इतक्या हसत होत्या की शेवटी धपकन पडल्या.

आता पाठवायचं म्हणजे मुख्याध्यापकांनी शिफारस करायची. मुख्याध्यापक कोण? आमचे हे.

दुसऱ्या दिवशी हे शाळेतून आले ते घुश्शातच. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं होतं, ‘सरांच्या घरचं काय बुवा, सगळंच पहिलं!’ कुणी म्हणालं ते मला माहीत आहे, ते आता हयात नाहीत, जाऊ द्या. चेष्टेत म्हटलं असेल. पण यांना ते लागलं. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, ‘मी भिंगरीचं नाव पाठवतोय.’

मी म्हटलं, ‘अहो, पहिली तर आपली आली ना?’

‘आली. पण लोक काय म्हणतील? मुख्याध्यापकाची मुलगी म्हणून गेली. मी आयुष्यभर मुलांना आवडतं ते द्या म्हणून सांगतो आणि वेळ आली की स्वतःच्या घरात ठेवून घेतो, असं होईल.’

‘मग तुमचं काहीतरी द्या. जागा तिची आहे. तिला विचारलंत?’

तेव्हा हे जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, ‘विचारायचं काय त्यात? माझी मुलगी आहे ती.’

आणि वर म्हणाले, ‘परवा बक्षीस समारंभात स्टेजवरच सांगतो. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद सगळ्यांना दिसू दे.’

मी हात पुसले आणि तडक मागच्या अंगणात गेले. मुंगी बूट धूत बसली होती, क्रीडाशाळेत न्यायचे म्हणून. मी तिला सगळं सांगितलं. तिने बूट उपडे केले, पाणी झटकलं आणि मला म्हणाली, ‘आई, तुझा काहीतरी गैरसमज झालाय. बाबा असं करणार नाहीत.’

किती विश्वासाने म्हणाली! मलाही क्षणभर वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं असेल.

बक्षीस समारंभ झाला. याच सभागृहात, तेव्हा इथे पत्रे होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझ्या मुलीने एक निर्णय घेतला आहे.’ मी मुंगीकडे पाहिलं. ती बावचळून इकडेतिकडे बघत होती, जणू यांना आणखी एखादी मुलगी आहे. मग यांनी सांगितलं, तिने आपली जागा आपल्या गरीब मैत्रिणीला दिली आहे. ‘गरीब’ हा शब्द भिंगरीने भर सभेत, आपल्या आईच्या शेजारी बसून ऐकला. टाळ्या थांबेनात. दोघींना स्टेजवर बोलावलं. मुंगीच्या हातात शिफारसपत्र दिलं आणि सांगितलं, दे. मुंगीने हात पुढे केला. भिंगरी हात पुढे करेना. शेवटी खेळाच्या मास्तरांनी तिचं कोपर मागून ढकललं, तेव्हा कुठे फोटो निघाला. तो फोटो आज बाहेरच्या प्रदर्शनात लावलेला आहे, चहाच्या टेबलाशेजारी. जाताना जरूर बघा. फक्त टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघू नका, त्या दोघींच्या तोंडाकडे बघा.

संध्याकाळी भिंगरी आमच्या दारात आली. पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, ‘सर, तिने मला हरवलंय. मला ही जागा नको. पुढच्या वर्षी मी हिला हरवीन, मग जाईन.’

तुम्हीच सांगा, चौदा वर्षांच्या पोरीने याहून सरळ बोलणं बोलावं का? याला आपण स्वाभिमान म्हणतो, वर्गात त्यावर निबंध लिहायला लावतो. पण हे म्हणाले, ‘बाळ, देणाऱ्याचा मान ठेवायला शिकावं.’ मुंगी आत होती. ती बाहेर आली आणि भिंगरीला म्हणाली, ‘जा तू. नाहीतर दोघींचीही जाईल.’ एवढंच. खरं देणं म्हणाल तर ते तिथे पायरीवर झालं. पण तिथे फोटो काढायला कुणी नव्हतं.

त्या दिवसानंतर मुंगी पळाली नाही. बस सुटत असली तरी चालत जायची. मी कधी म्हटलं, ‘अगं, जरा पाय उचल,’ तर म्हणायची, ‘पाय माझे आहेत का, ते आधी बाबांना विचार.’

अध्यक्ष महोदय, घंटी वाजवलीत, मी ऐकली. माझी दोन मिनिटं संपली. पण प्रमुख पाहुण्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि माझी एकच झाली आहे. हिशेबाला पक्की असणं मी यांच्याकडूनच शिकले.

भिंगरी गेली. तिथे ती चांगली पळायला लागली. वर्षभरात मोठ्या संघाच्या निवड चाचणीसाठी तिचं नाव आलं. इकडे तिची आई एकटी. आणि नेमका त्याच सुमारास इस्त्रीतला निखारा सांडून त्यांचा उजवा हात भाजला. तळवा आणि बोटं. इस्त्रीवालीचा उजवा हात म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं की मुंगी शाळेतून उशिरा येते, आणि तिच्या कपड्यांना तापलेल्या सुताचा वास येतो. एक दिवस मनगटावर लालबुंद चट्टा दिसला. मी हात धरून विचारलं, तेव्हा सांगितलं. रोज शाळा सुटली की ती भिंगरीच्या आईकडे, तिच्या मावशींकडे जायची. पाणी शिंपडून, इस्त्री करून, घड्या घालून गिऱ्हाइकांचे गठ्ठे बांधून द्यायची. मावशी शेजारी बसून सांगायच्या, कॉलर आधी, मग बाह्या. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारच्या तासाला तर ती गेलं वर्षभर तोंड मिटून एक पेन्सिल ठेवून यायची.

मी म्हटलं, ‘भिंगरीला कळवलं का?’

‘नाही! मावशींनी शपथ घातलीय. तिला कळलं तर ती सगळं टाकून पळून येईल. चाचणी होईपर्यंत कुणालाही कळता कामा नये. आई, बाबांना तर मुळीच नको.’

मी नाही सांगितलं. पण एका पालकांनी यांना वाटेत गाठून विचारलं, ‘सर, तुमची मुलगी इस्त्री करते का हो हल्ली?’ हे घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. खोटं नाही सांगत, खरं पाणी होतं. मुंगीला जवळ घेतलं. म्हणाले, ‘माझ्या शिकवणीचं आज सार्थक झालं. शनिवारी सगळ्या शाळेला सांगणार.’

मुंगी म्हणाली, ‘बाबा, नका सांगू.’

‘अगं, चांगलं काम लपवायचं नसतं. तुझ्याकडे बघून शंभर मुलं शिकतील.’

‘बाबा, तिची चाचणी आहे. तिला कळेल. मी तुमच्या पाया पडते.’

पडलीसुद्धा हो. आजवर कधी नव्हती पडली. मीही म्हटलं, ‘अहो, आठवडाभर थांबा, मग काय तो डंका पिटा.’ हे म्हणाले, ‘तुम्ही दोघी फार विचार करता.’

शनिवारी यांनी सांगितलं. इतकं सुंदर सांगितलं की मुलं रडली म्हणे. दुसऱ्याच दिवशी ताडपत्रीपाशी रांग लागली. मुलं, त्यांचे पालक, जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, खेळाचे मास्तर, आणि कॅमेरा घेतलेला एक वार्ताहर. ‘मावशी, जरा हात वर करा ना, पट्टी दिसू द्या.’ त्या बाईंनी ताडपत्री सोडली, फळकूट आत ओढलं आणि दुकान बंद केलं. संध्याकाळी आमच्या दारी आल्या. मी ‘आत या’ म्हटलं, आल्या नाहीत. पट्टी बांधलेला हात पुढे करून म्हणाल्या, ‘ताई, हा हात भाजला होता. पसरला नव्हता.’

मग मुंगीकडे वळून म्हणाल्या, ‘तू आता येऊ नको गं, बाळा. तुझ्यावर राग नाही. पण तू आलीस की माणसं मागनं येतात.’

खेळाच्या मास्तरांनी मोठ्या कौतुकाने क्रीडाशाळेत फोन केला. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीने बघा काय आदर्श घालून दिला, म्हणून. भिंगरीने तो निरोप ऐकला, पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता निघाली. चाचणी दोन दिवसांवर होती. ती इथे आईच्या हाताला औषध लावत बसली आणि तिकडे तिचं नाव पुकारून खोडलं गेलं. क्रीडाशाळेनेही मग काढून टाकलं, न विचारता गेली म्हणून. बघा, न विचारता करण्याची शिक्षा तिला एकटीलाच झाली.

म्हणजे जागा मुंगीची गेली, आणि भिंगरीचीही गेली. पण यांच्याकडे दोन गोष्टी जमा झाल्या, सांगायला.

मी यांना त्या वेळी विचारलं होतं, ‘आता तरी कळलं का?’ हे म्हणाले, ‘तिने घाई केली. मुलींमध्ये धीर कमी.’ आजवर यांना त्या सगळ्यात स्वतःचा हात कुठे दिसलेला नाही. अहो, माझ्याकडे बघा. मी तुम्हाला वाईट माणूस म्हणत नाही. वाईट माणूस असता तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते. तुमच्याशी भांडायला गेलं की समोर टाळ्या वाजवणारं गाव उभं राहतं. बायकोने एकटीने किती जणांशी भांडावं?

मुंगी शिकली ती मामाकडे राहून. परत या घरात राहायला आली नाही. आज ती दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आहे. ज्यांना हालता येत नाही अशा माणसांना हालायला शिकवते. वडिलांशी ती बोलते. ‘बरे आहात ना? बरं. आईला द्या.’ एवढं बोलते. तिला आजचं निमंत्रण गेलं होतं. तिने कार्यवाहांना ‘रजा नाही’ असं कळवलं. मला खरं कारण सांगितलं. म्हणाली, ‘आई, मी आले तर ते मला स्टेजवर बोलावतील, आणि मला काहीतरी द्यायला लावतील.’

भिंगरी मात्र आज इथे आहे. नाही, नाही, माना वळवून शोधू नका. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर ‘लाभार्थीचे मनोगत’ असं छापलं आहे, ते तिच्या नावे. तिला ते न विचारताच छापलंय. सवयच आहे आपल्याला. मघाशी दारात भेटली. आईच्या माघारी आता तिची स्वतःची लाँड्री आहे, हाताखाली माणसं आहेत. मी म्हटलं, ‘बाई गं, तू कशाला आलीस?’ तर म्हणाली, ‘काकू, मी सरांसाठी नाही आले. तुम्ही एकट्या पडाल म्हणून आले. पण मला वर बोलवू देऊ नका.’ तेव्हा कार्यवाह, तो पुढचा विषय पत्रिकेतून कमी करावा, ही नम्र विनंती. तिला झालेला लाभ मी सांगितला आहे. त्यात भर घालण्यासारखं तिच्याकडे काही नसेल.

आता माझ्याकडे सोपवलेलं काम. मला इथे एक घोषणा करायची होती. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त दरवर्षी एका विद्यार्थ्याला पुरस्कार द्यायचा ठरलं आहे. आपली सर्वांत लाडकी वस्तू जो देईल त्याला. सोबत पालकांनी देतानाचा फोटो जोडायचा आहे. संस्थेचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण ही घोषणा माझ्या तोंडून होणार नाही. क्षमा करा. फोटो जोडायचा म्हटलं की मुलाचा हात कोण पुढे करणार आहे, ते मला चांगलं माहीत आहे.

बाळांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही केव्हाची गप्प बसला आहात, शहाणी आहात. द्या. नक्की द्या. पाणी द्या, जागा द्या, अभ्यास चुकलेल्याला वही द्या, रडणाऱ्याजवळ नुसतं बसा, तेही देणंच आहे. पण जे द्याल ते तुमचं असू द्या. दुसऱ्याचं उचलून देणं सगळ्यांत सोपं असतं, आणि त्याला टाळ्याही जास्त पडतात. ज्याला द्याल त्याला आधी विचारा, तुला हवंय का. नको म्हणाला तर रागावू नका. आणि कुणी मोठं माणूस तुमच्या हातातलं काढून घेऊन म्हणालं की बघा किती उदार आहे आमचं बाळ, तर खुशाल रडा. मोठ्याने रडा. मुंगी रडली नाही, तिथेच आमचं सगळ्यांचं फावलं.

पालकहो, तुमच्या मुलाने काही चांगलं केलेलं दिसलं, तर कृपा करून त्या दिवशी तुमचा फोन खिशात राहू द्या. मूल देतं तेव्हा ते आपल्याकडे बघत नसतं. ते आपल्याकडे बघायला लागलं की समजावं, आपण त्याचं काहीतरी मोडलं.

संपवते. हे मघापासून माझ्याकडे बघत नाहीत, हार चाचपताहेत. घरी जाऊन बोलू आम्ही. किंवा नाही बोलणार, तेही आम्हाला जमतं.

आज सकाळी मुंगीचा फोन आला होता. मी म्हटलं, ‘मला बोलायला सांगितलंय.’ तिने आधी कार्यक्रम किती वेळ चालणार ते विचारलं. मग म्हणाली, ‘आई, स्टेजवरच्या खुर्च्या कडक असतात. त्यांचं कंबरेचं दुखणं आहे. पाठीमागे एक लहान उशी ठेव, आणि तासाभराने त्यांना उठून दोन पावलं चालू दे.’

मला वाटलं, विसरली सगळं पोर. मी म्हटलं, ‘मुंगे, सांगू का त्यांना, तू म्हणालीस म्हणून?’

ती म्हणाली, ‘नको. आणि तू उगाच भलता अर्थ काढू नकोस. मी मुलगी म्हणून नाही सांगत. या वयाच्या कुठल्याही माणसाला मी हेच सांगते.’

ती उशी आत्ता यांच्या पाठीशी आहे. तिने सांगू नको म्हटलेलं मी भर सभेत सांगितलं, म्हणजे मीही यांचीच बायको शोभले. पण अहो, ऐकलंत ना तुम्ही? कुठल्याही माणसाला. तुमची शिकवण तिने तंतोतंत पाळली. आपलं-परकं तिने ठेवलं नाही.

तास होऊन गेलाय. उठा, दोन पावलं चाला.

आपण सगळ्यांनी घंटी वाजूनही मला बोलू दिलंत, अध्यक्षांनी दुसऱ्यांदा ती वाजवली नाही, त्याबद्दल मनापासून आभार. मला उभं राहून बोलायची सवय नाही. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचा उल्लेख सुटला असेल, समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. जे खरं बोलले तेवढ्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही. नमस्कार.